पोळ्यांवर ठेवलेली बातमी

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. त्याची आधीच माफी मागते. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही. राग माझा आहे.

डिलाईल रोडच्या चाळीत मी जेवणाचे डबे करते. मुलगी पत्रकार. पेपरातली नोकरी गेल्यावर तिने मोबाईलवर स्वतःचं चॅनल काढलं. कॅमेऱ्याला चाळीस हजार कमी पडत होते. चाळीत पैशाची अडचण आली की सगळे पक्षाच्या ऑफिसातल्या भाऊंकडे जातात. मीही गेले, उसने आणले. ती चूक माझी.

पुढे मुलीने चॅनलवर चाळीच्या पुनर्विकासाची यादी दाखवली. इथे एक रात्रही न राहिलेल्या अकरा जणांना खोल्या मिळाल्या होत्या. त्यात भाऊंचा मेहुणा होता आणि एका मंत्र्याचा पुतण्या. आठवड्यात चॅनल गायब. कंपनीचं इंग्रजी पत्र मुलीने वाचून सांगितलं, सरकारने कळवल्यामुळे हे भारतात दिसणार नाही. का, ते लिहिलं नव्हतं. दुबईतल्या माझ्या भाच्याला दिसत होतं, आम्हाला नाही.

भाऊ घरी आले. "वहिनी, पोरीला माफीचं पत्र लिहायला सांगा. वर बोलून चॅनल चालू करून देतो. तुमचे पैसेही सोडले."

मुलगी म्हणाली, "नाही लिहिणार." मी मान खाली घालून चहा दिला. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. पण त्यांनी बशीत चहा ओतून फुर्र केलं, तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही.

माझ्या चाळीस डब्यांतले नऊ भाऊंच्याच ऑफिसात जायचे, बाकीचे आसपासच्या ऑफिसांत. मुलीकडून बातमी एका पानावर लिहून घेतली, झेरॉक्स काढल्या आणि सगळ्या डब्यांत पोळ्यांवर पिशवीत घालून ठेवल्या. भाऊंच्या डब्यातली घडी अशी घातली की मेहुण्याचं नाव वर येईल.

दुपारी ते गॅलरीत येऊन ओरडले, "वहिनी, डब्यात कागद कसला?"

"जेवताना वाचायला."

"मी जेवलोच नाही!"

"डब्याचे पैसे तरी लागतील, भाऊ."

शेजारणी पदराआड हसल्या. मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी डबे बंद केले आणि महिन्याभरात चाळीस हजार मागितले. बाकीच्या ऑफिसांत मात्र उलटं झालं. मुलगी दर आठवड्याला नवी बातमी लिहून देऊ लागली. "मावशी, या आठवड्याचा कागद?" असं विचारत लोक नवे डबे लावू लागले. चाळीस डब्यांचे बहात्तर झाले. हात भाजले, कंबर गेली, पण मी एकालाही नाही म्हटलं नाही.

चॅनल अजून बंदच आहे. ते मी विसरणार नाही.

महिना भरत आला त्या रविवारी भाऊंच्या ऑफिसात चाळ कमिटीची बैठक भरली होती. मी मुद्दाम तेव्हाच पैसे घेऊन गेले.

"राहू द्या वहिनी, नंतर बघू," भाऊ म्हणाले.

"आत्ता मोजा. मोठ्याने."

भाऊ नोटा मोजू लागले. भाऊंचे कान लाल झाले. शेवटचं बंडल मी त्यांच्या शेजारी बसलेल्या मेहुण्याच्या हातात दिलं आणि तेही मोजायला लावलं. चाळीस हजार पुरे झाले.