हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं पोटाचं दुखणंसुद्धा लपत नाही. तुम्हाला काहून सांगतोय, तेही धड माहीत नाही. तुम्ही वासुदेवला ओळखत नाही, म्हणून असेल.

वासुदेव आणि मी, दोघांनी नागपुरात एकाच शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तही पाठोपाठ झालो. फरक एवढाच की मी लेखक — म्हणजे स्वतःला तसं म्हणवून घ्यायचो. पदरमोड करून कादंबऱ्या छापल्या. माझ्या हुडकेश्वरच्या घरात दिवाणाखाली त्यांचे गठ्ठे अजून पडलेत. वासुदेवनं उभ्या जन्मात रजेच्या अर्जाशिवाय काही लिहिलं नव्हतं. मग त्याची बायको गेली, सुमन. अन् या माणसानं काही महिन्यांत तिच्या आठवणींचं एक पातळसं पुस्तक लिहून काढलं. प्रकाशनाला बाया पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या कार्यक्रमांना लोक चहा आला की जागे व्हायचे! जळलो मी. मेलेल्या बाईच्या पुस्तकावर जळणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

पुस्तक एका ऑनलाइन दुकानात आलं. मैत्रीखातर मी मागवलं, आणि सोबत माझ्या बद्धकोष्ठासाठी घरगुती उपायांचंही एक. काही दिवसांनी पाहतो तर सुमनच्या फोटोच्या मुखपृष्ठाखाली ओळ — ‘हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ — आणि पुढं माझं बद्धकोष्ठ! घेणारेच मूठभर. माझ्या एकट्याच्या खरेदीवरून त्या यंत्रानं साऱ्या वाचकांची आवड ठरवून टाकली होती. पोट धरधरून हसलो मी.

तिथंच थांबायला हवं होतं ना? नाही थांबलो. उतारवयात दुसरं लग्न कसं जमवावं, असलं एक पुस्तक त्याच दुकानात होतं. ते आणि वासुदेवचं, दोन्ही सोबत मागवली. मग बायकोच्या खात्यावरून. मग जावयाच्या. गंमत, म्हटलं. झालं — सुमनच्या हसऱ्या चेहऱ्याखाली मुंडावळ्या बांधलेलं म्हातारं जोडपं येऊन बसलं.

आता, हौशी लेखकाचं पुस्तक सगळ्यांत जास्त कोण विकत घेतं, सांगा? लेखक स्वतः. वासुदेवनंही नातेवाइकांत वाटायला बऱ्याच प्रती मागवल्या होत्या, आणि मीनलला ते ठाऊक होतं. मीनल म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, अमरावतीला दिलेली. तिनं ते पान पाहिलं आणि सरळ अर्थ लावला — आईचं पुस्तक बाबाच घेऊन राहिले, म्हणजे हेही त्यांनीच घेतलं. आईचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. तिनं बापाशी बोलणं टाकलं.

वासुदेव शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीहून स्कूटरवर माझ्याकडे आला. चेहरा पार उतरलेला. “मी असलं पुस्तक पाह्यलंबी नाही गा. तू बोल तिच्याशी. पोरगी तुह्यं ऐकते.”

मशीनचा काय भरवसा, मी म्हटलं. बोलतो, म्हटलं.

आणि बोललो. हेच — हेच ते सांगायचं आहे. बाकीचं वात्रटपणा म्हणून कदाचित खपून गेलं असतं. त्या फोनवर एक वाक्य पुरेसं होतं: मीनल, ते मी केलं. अगदी जिभेवर आलं होतं. पण मग माझी काय इज्जत राहिली असती? मी म्हणालो, “बेटा, एकटा माणूस आहे. समजून घे.”

किती मायेनं म्हणालो! तोंडातून चुकून निघालं का? नाही. ती काय समजेल हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. आणि आत कुठंतरी बरं वाटलं होतं — आता निदान ही तरी त्या पुस्तकावर रडणार नाही. असा मी.

वासुदेवनं पुस्तक दुकानातून काढून घेतलं. पुन्हा एक ओळ लिहिली नाही. मी मात्र त्याच्या लेखी देवमाणूस. माझ्यासाठी एकटा तूच धावला गा, असं तो अजून म्हणतो, आणि मी ऐकून घेतो.

गेल्या उन्हाळ्यात मीनलला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं मला आलं. “काका, तुम्ही नक्की या. बाबाले सांगू नका.” मी गेलो. पंगतीत बसून पोटभर जेवलो. तिनं पोरगी माझ्या मांडीवर दिली. नाक थेट वासुदेवचं.

परतल्यावर त्याच्याकडे गेलो. नात झाल्याचं त्याला कुण्या तिऱ्हाइताकडून कळलं होतं. त्यानं चहा ठेवला, गॅसकडे पाहत मलाच विचारलं, “कोनासारखी असन गा?”

“आपल्याले काय माहीत,” मी म्हणालो.