निजामाच्या काळची आमची कचेरी

एका तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली की किस्से सांगायला बसावं लागत नाही, तेच आपल्याला धरून बसवतात. आता ऑफिस बायपासजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेलंय. निजामाच्या काळची आमची दगडी कचेरी कुलूप लावून उभी आहे. समोरून जाताना माझी चाल आपोआप मंदावते.

भिंती चांगल्या दोन हात रुंद. मे महिन्यातही आत शिरलं की अंग निवायचं. एक म्हातारबुवा रोज दुपारी व्हरांड्यात येऊन बसायचे. नवे तहसीलदार साहेब आले, त्यांनी विचारलं, "बाबा, कोणतं काम अडलंय?"

"काम न्हाई साहेब. हितं लई गार हाय."

साहेबांनी त्यांच्यासाठी बाकडं टाकायला लावलं.

*

रेकॉर्ड रूम करीमचाचांकडे. जुनी उर्दू दफ्तरं वाचणारे तालुक्यात ते एकटेच. एकदा एक मेंढपाळ आला. जमिनीचा वाद नाही, काही नाही. आजाचं नाव मारुती, पण त्या आजाच्या बापाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं, तेवढंच हवं होतं. चाचांनी दोन दिवस धूळ खाल्ली. शेवटी चराईच्या एका यादीत बोट ठेवून वाचलं, "मारुती वल्द भिवा. म्हणजे भिवाचा मुलगा मारुती."

मेंढपाळानं फेटा काढून हातात घेतला. म्हणाला, "आजून एकदा वाचा."

चाचांनी तीनदा वाचलं.

पुढच्या वर्षी तो पेढे घेऊन आला. नातू झाला होता. नाव काय ठेवलं, हे चाचांना विचारावंच लागलं नाही.

*

दफ्तरं ट्रॅक्टरनं हलवली, तेव्हा चाचा रिटायर झालेले. तरी काठी टेकत आले आणि शेवटच्या ट्रॉलीमागं चालू लागले. मी जीपमध्ये बसा म्हणालो.

"शेवटचं पोचवायला पायीच जायचं असतं," ते म्हणाले. नव्या बिल्डिंगच्या दारातूनच परतले.

*

परवा कुलूपबंद कचेरीच्या पायरीवर सरूबाई दिसली, आमच्या किसन शिपायाची बायको. किसन जाऊन दोन वर्षं झाली. मला वाटलं, पेन्शनचं काही अडलं असेल. ऑफिस हलल्याचं सांगितलं, सोबत येतो म्हणालो.

"कागद न्हाई पायजे, भाऊसाहेब. मालक घरी कवा असायचे? सणाला बी हितंच. आता आठवण आली, तर कुठं जाऊ?"

एवढं बोलून तिनं पदरानं शेजारची पायरी माझ्यासाठी पुसली.