दिल्लीला न गेलेला रेनकोट

दिल्लीला जानेवारीत थंडी असते हे मला माहीत होतं. पाऊसही पडतो, हे आमच्या ऑफिसातल्या बसलिंगप्पा क्लार्कनी सांगितलं. ते एकदाच दिल्लीला जाऊन आले होते आणि त्या एका खेपेवर दहा वर्षं बोलत होते. "स्वेटर, मफलर, दोन जोड मोजे. आणि रेनकोट विसरू नका साहेब. तिकडचा पाऊस हाडात शिरतो."

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि पाऊस जाऊन दोन. नव्या जिल्ह्यात नवी ऑफिसं निघाली, म्हणून माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला अहमदपुरात बोअर घेण्याच्या खात्यात नोकरी लागली. मी जागा दाखवलेल्या अकरा बोअरपैकी नऊ कोरड्या गेल्या. जमिनीतलं पाणी शोधण्याच्या दिल्लीतल्या ट्रेनिंगला माझंच नाव का गेलं, हे मी कोणाला विचारलं नाही.

मी सामानाचा तक्ता केला. वस्तू, नग, वजन ग्रॅममध्ये, आणि शेवटचा रकाना 'तपासले'. रेनकोटसमोरचा हा रकाना काही भरेना. पहिल्या पगारात नांदेडला घेतलेला तो रबरी कोट आजवर एकदाही भिजला नव्हता. गळतो की नाही, कसं कळणार? म्हणून मी घरमालकीण सिद्धम्मांकडे एक बादली पाणी मागितलं.

सिद्धम्मा साठीच्या पुढच्या. कपाळाला विभूती, घरात एकट्या, गोठ्यात लाली नावाची गाय. टँकर चार दिवसांनी यायचा आणि दारात मांडलेल्या भांड्यांत मावेल तेवढंच पाणी मिळायचं. सिद्धम्मांच्या भांड्यांत साडेतीन दिवसांचं मावायचं. माझ्या आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून त्या आधी भांडी घासायच्या, मग तेच लिंबाच्या बुडाला घालायच्या. मी किती तांबे घेतले ते चुलीपुढे बसून आवाजावर मोजायच्या. लालीचे दिवस भरत आले होते. गल्लीतल्या दोन गाई गुरांच्या छावणीत व्यायल्या आणि तिथंच दगावल्या होत्या. तरी पाणी पुरेना म्हणून सोमवारी त्यांचा भाऊ शिवप्पा लालीला छावणीतच न्यायला येणार होता. त्याला हो म्हटल्यापासून सिद्धम्मा जेवण गोठ्यात बसून करायच्या.

अशा बाईकडे मी रेनकोट भिजवायला बादली मागितली.

"अंगावर वतून घेणार?"

"हो आव्वा. अंगणात उभा राहतो. तपासणीची तशीच पद्धत आहे."

"आन् पाणी कुठं जाईल?"

तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

त्यांनी कोट हातात घेतला, धुतल्या फडक्यानं आतून पुसला, उलटून पाहिला. मग सरकी ठेवायचं बांबूचं मोठं डालगं रिकामं करून त्यात कोट अंथरला. दोन्ही बाह्या वर ओढून काठाला सुतळीनं बांधल्या. डालग्यात कोणी हात वर करून बसल्यासारखं दिसत होतं. त्यात त्यांनी दोन घागरी पाणी ओतलं आणि डालग्याखाली परात सरकवली.

"बस आता. गळलं तर परातीत दिसंल."

तासाभरानं परात कोरडी होती. मी खुशीत रकान्यात बरोबरची खूण केली. सिद्धम्मा तांब्यानं पाणी परत घागरीत भरू लागल्या.

"किती मावंल रे ह्यात, काठोकाठ?"

हिशोब विचारला की मला राहवत नाही. डालग्याचा व्यास घेतला, खोली घेतली. "ऐंशी लिटर. म्हणजे लालीसकट, पिऊन-धुऊन अर्ध्या दिवसाचं." पुढचं मी ऐटीत बोलून गेलो, "म्हणजे टँकर येईपर्यंत बरोबर चार दिवस."

बोललो आणि मगच ते मला ऐकू आलं. सिद्धम्मांनी कोट मागितला नाही. त्या तांब्यानं पाणी काढत राहिल्या, नेहमीपेक्षा सावकाश.

"दुकानात पिंप बघू या," मी म्हणालो.

"इकून संपले."

"मग गोठ्यात ते रिकामं पोतं आहे ना, आत प्लास्टिक असलेलं? ते अंथरा."

"युरियाचं हाय ते. गाय मरंल." त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माणसाला काय होत न्हाई."

पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यावरून घ्यायची खोळ होते. माझे वडील शेतात तीच घेत. मी शिकलो ते ती खोळ सुटावी म्हणून.

"दिल्लीत लोक बघतील, आव्वा."

"बघंनात. तुला वळखतंय कोण तिथं?"

शेवटी कोट अंथरलेल्या डालग्यात तांब्याभर पाणी ओतून ते लालीपुढे ठेवलं. तिनं रबराचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं. रविवारी नांदेडची एसटी पकडण्याआधी मी तक्त्यात रेनकोटवर काट मारली आणि खाली लिहिलं: खोळ, नग एक. सोमवारी शिवप्पा रिकाम्या हातानं परत गेला, असं मागून कळलं.

दिल्लीत तिसऱ्या दिवशी पाऊस आला. हॉस्टेलपासून वर्गापर्यंत मी पाठीवर 'नायट्रोजन ४६ टक्के' घेऊन चाललो. आपापल्या छत्र्यांखालून बाकीचे इंजिनिअर वाचत होते. शेवटच्या परीक्षेत मला साधारण तेवढेच मिळाले.

पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा गोठ्यात तांबड्या रंगाचं वासरू लटपटत उभं होतं. लाली डालग्यात तोंड घालून पाणी पीत होती. मी ट्रेनिंगबद्दल सांगायला तोंड उघडलं.

"खोळ गळली का?" सिद्धम्मांनी विचारलं.

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या आणि वासराला आईकडे ढकललं.