इंजिनाआधी हूक

कुठलीही गाडी दिसली की काका वाकून तिच्या बंपरखाली बघायचे. "हिला धरायचं कुठे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच आसपास घोटाळत राहतो.

दिंडोशीच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. अर्धांगवायू झाल्यापासून काकू खाली उतरल्या नव्हत्या, आणि त्यांना सोडून काकाही फाटकाबाहेर फारसे जात नसत. सांभाळणारी बाई आली की तेवढ्या वेळात ते खाली पार्किंगमध्ये एक स्पोर्ट्स कार बांधायचे. दोनच सीट, अगदी जमिनीलगत. तिच्यातून काकूंना गोराईला समुद्रावर न्यायचं होतं.

इंजिन यायचं होतं. ओढायचे हूक मात्र आधी बसले.

"काका, ही गाडी आहे की गणपतीची ट्रॉली?"

"हस रे. अडकल्यावर कोणाला हाक मारशील?"

पुढचा हूक त्यांनी पातळ पत्र्याला वेल्ड केला होता. आम्ही इमारतीतल्या पोरांनी गणपतीचा दोर बांधून ओढलं. हूक उपटून हातात आला, आम्ही एकमेकांवर आडवे. काका खूश. "वाट लागली ती इथेच लागली, बरं झालं! पत्रा नाही, हाडं धरायला हवीत." मग त्यांनी सांगाड्याच्या लोखंडी नळीलाच आरपार भोक पाडलं, ती दबू नये म्हणून आत तुकडा घातला, पाठीमागे जाड पट्टी लावून बोल्टने हूक आवळला. गाडीच्या मागच्या बाजूलाही तसाच एक.

घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळणार नाही, असं आरटीओत कळलं. काका नुसतं "बरं" म्हणाले. इंजिन आणलंच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही काकूंना खुर्चीतून खाली आणून गाडीत बसवलं. काका स्टिअरिंगवर, दोर आमच्या हातात. कोणीतरी सवयीने "मोरया" म्हणालं. फाटकापर्यंत गेलो.

"पुढे?" काकूंनी विचारलं.

"पुढे नंबर लागतो गं."

वळायला जागा नव्हती. दोर मागच्या हुकाला बांधून आम्ही दोघांना उलटं परत आणलं. काकू सगळा वेळ फाटकाकडे बघत होत्या. काकाही.

काका गेले. गाडी भंगारात द्यायची ठरली, तेव्हा काकू म्हणाल्या, एकदा तिच्यात बसवा. या वेळी त्या काकांच्या सीटवर बसल्या. चांगला हात स्टिअरिंगवर ठेवला. आम्ही दोर आणला.

"ओढू का, काकू?"

"नको रे. परत आणावं लागेल."