चौरंगाखालचा गुटका

दत्तमहाराजांचं सात दिवसांचं पारायण मी दरवर्षी करते. आजवर एकदाही अध्याय अर्धा सोडून उठलेली नाही, हे मी हळदीकुंकवाला बोलता बोलता सहज सांगत असे. सहज कसलं, सांगायची संधीच शोधत असे. आता ते सांगता येत नाही. यंदा मी ओवी अर्धी टाकून उठले, आणि बरेच दिवस मला वाटत होतं की माझ्या हातून सेवा मोडली, महाराजांना काय तोंड दाखवू?

आमचं घर रायपूरला, भनपुरीच्या अलीकडे. आमचे हे रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त आहेत. पारायण संपलं की माहूरला कुलदेवीच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. नेमका तेव्हाच आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातून, ब्रेक दाबला की खर्रर्र असा आवाज यायला लागला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. मला माहूरचा घाट आठवला. मिस्त्रीकडे गाडी टाका म्हटलं, तर यांना राग.

“काहून? अख्ख्या मालगाडीचे ब्रेक पाहिले मी, हे तर डबडं आहे. पॅड झिजले फक्त, घरीच बदलून टाकतो. तू तुझी पोथी वाच, मी माझी वाचून राहिलो.”

पारायणाच्या पाचव्या दिवशी सकाळी यांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं आणि चहाला आत गेले. अंगणाला फाटकाकडे उतार आहे. मी तेव्हा गाडीच्या मागे रांगोळी काढत होते. मागच्या चाकाला टेकून एक लाकडी गुटका दिसला, एका बाजूने निमुळता, छान रंधा मारलेला. चार दिवस माझा चौरंग एका पायावर डुगडुगत होता आणि पान उलटलं की पोथी हलत होती. मला वाटलं, देवानेच पाठवला. गुटका सहज निघाला. मी तो धुतला, चौरंगाच्या पायाखाली सारला आणि स्वतःलाच शाबासकी दिली. इतकी वर्षं फिटरचा संसार केला, पण तो तिथे कशाला ठेवलाय हे काही डोक्यात आलं नाही. हे चहा पिऊन परत कामाला बसले. मागच्या चाकाकडे पुन्हा कोण बघतं?

अध्याय रंगात आला होता आणि फाटकावरून हाक आली, “ए दीदी! एक लोटा पानी दे ना ओ!” आवाज भाजीवालीचा. ती आमच्याकडे रोज संध्याकाळी येते, सकाळी कधीच नाही. इथे पोथी चालू आहे हे तिला कळावं म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. तिने माझ्याहून आवाज चढवला. यांना सांगावं तर कारखान्यातल्या ठोकाठोकीने यांचे कान केव्हाच अधू झालेत. तिसऱ्या हाकेला मी उठले. पाणी द्यायला नाही, तिला झापायला. खोटं कशाला बोलू?

ओट्यावर आले आणि आधी नजर गेली रांगोळीवर. चाकापासून चांगली वीतभर सोडून काढलेली माझी रांगोळी, आणि मागचं चाक तिच्या काठावर चढलेलं. पुढे यांचा हात मनगटापर्यंत ब्रेकच्या सांगाड्यात, आणि दुसऱ्या हातातल्या पान्याने हे अडकलेल्या बोल्टला हिसके देत होते. प्रत्येक हिसक्याला गाडी जराशी सरकत होती, जॅक तिरपा होत होता. मला गुटका आठवला. ओरडून उपयोग नव्हता. मी धावले, यांची बनियन मानेपाशी धरली आणि होता नव्हता तो जोर लावून मागे ओढलं. आम्ही दोघं तुळशीपाशी आडवे झालो आणि गाडी धाडकन खाली बसली. यांचा गुडघा जिथे होता, तिथेच.

हे किती तरी वेळ हाताची बोटं उघडून मिटून पाहत होते. भाजीवाली फाटकात तशीच उभी. “तूने देखा था क्या? इसलिए बुला रही थी?” मी विचारलं.

“नई दीदी,” ती म्हणाली, “मैं त पानी बर आय रहेंव. अब्बड़ पियास लागे हे.”

ती खरंच पाण्यासाठीच आली होती, फार तहान लागली म्हणून. मी तिला गूळ दिला, पाणी दिलं. ओतताना अर्धं पाणी तिच्या पदरावर सांडलं. ती हसली, टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. तिच्या पाया पडावं असं वाटलं होतं. लाजले, पडले नाही. ती चुटपुट अजून आहे.

मागे वळले तर हे गाडीखाली वाकून शोधत होते. “मी गुटका लावला होता गं. देवाशप्पथ लावला होता. का विसरलो? इतका म्हातारा झालो का मी?” यांचा चेहरा इतका केविलवाणा कधी पाहिला नव्हता. क्षणभर गप्प राहायचा मोह झाला. मग आत गेले, पोथी उचलली, चौरंगाखालचा गुटका काढला आणि यांच्या हातात ठेवला. सगळं सांगितलं. सांगताना रडले.

यांनी गुटक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुझी पोथी पळून राहिली होती, अन् मी गुटका गाडीले लावून बसलो,” म्हणाले, आणि काळ्या हातांनीच माझे डोळे पुसले. तोंडभर ग्रीस.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा जॅक आणला. चाकामागे गुटका, शिवाय दोन विटा. यांनी पॅड बसवले आणि मी गाडीत बसून, हे म्हणतील तेव्हा ब्रेक दाबला, म्हणतील तेव्हा सोडला. खरखर गेली. माहूरचा घाट आम्ही अगदी बिनआवाजाने उतरलो, आणि मी पूर्ण वेळ ब्रेकच्या सांगाड्यातून वाचलेल्या यांच्या हाताकडे बघत होते.

अर्धा राहिलेला अध्याय मी त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचला होता. न उठणं म्हणजेच भक्ती, असं मी धरून बसले होते. पण बसवणारा तो, तर उठवणाराही तोच असणार. त्याने माझं कुंकू राखलं आणि माझी फुशारकी तेवढी काढून घेतली, याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. भाजीवाली अजूनही संध्याकाळीच येते. तरी मी सकाळी वाचायला बसताना पुढचं दार उघडं ठेवते आणि पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवते. चौरंग डुगडुगतोच. डुगडुगू दे, हाक आली की मी उठते.