शेवटासाठी राखलेला ऑक्सिजन

बाबांचा दमा जुना. बसले की बरे असत, चार पावलं टाकली की ओठ निळे. अजून महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं तेव्हा. मुंबईच्या एका तरुण डॉक्टरांनी खटपट करून ऑक्सिजनची टाकी मिळवून दिली आणि मला बजावलं, "पडून असताना नको, चालताना लावा. चालले नाहीत तर आहे तेवढं बळही जाईल." बाबांना जायचं होतं फक्त वाडीतल्या बावखलापर्यंत. त्याच तळ्याचं पाणी त्यांनी जन्मभर केळींना घातलं होतं.

टाकी बैलगाडीतून उतरली आणि आमच्या वसईच्या गावाने आपलं शहाणपण दाखवलं. ऑक्सिजन आला म्हणजे माणूस चालला, हे सगळ्यांना पाठ. अर्ध्या तासात शेजारणी रोझरी घेऊन हजर. खाटेभोवती गुडघे टेकून मरणाऱ्यासाठीची प्रार्थना सुरू, आणि उशाशी, टाकीला खेटून, दोन पेटत्या मेणबत्त्या. बाबा उठून बसले होते आणि एकेकीकडे बघत होते. मी मेणबत्त्या फुंकून टाकल्या. ऑक्सिजनजवळ जाळ ठेवला तर घर पेटेल, हे ओरडून सांगितलं. बाबांच्या थोरल्या भावाने, माझ्या काकांनी, मलाच पापी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी केळीचे लोंगर वाहायच्या हातगाडीवर टाकी ठेवून मी ती ढकलत नेली. नाकातोंडावर मास्क लावून बाबा शेजारून चालले. थेट बावखलाच्या काठापर्यंत. ओठ निळे पडले नाहीत. केळींची वाळकी पानं कापली नाहीत म्हणून ते तिथेच मला रागावले, आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवून परतले, तर टाकी पुन्हा उशाशी आणि ती उघडायची चावी काकांच्या खिशात.

"आता उधळलास तं शेवटाला काय लावशील?" काका म्हणाले. "आनि लोक हसतात."

मी भांड भांड भांडले. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. मोठा भाव हाय माजा."

त्यानंतर आठ महिने ते खाटेवर होते. पायांच्या काड्या झाल्या. मग एका दुपारी, चावी खिशात घेऊन काका बाजारात गेलेले असताना, बाबा गेले.

माती देऊन आल्यावर काका अंगणात लोकांना सांगत होते, "शेवटपर्यंत उशाशी ऑक्सिजन होता. काय कमी पडू दिलं नाय आमी." टाकी जवळजवळ भरलेलीच होती. चारचौघांत बरं दिसणार नाही म्हणून मी गप्प बसले. काकांपेक्षा त्या गप्प बसण्याचीच चीड मला आजही जास्त येते.