दुभाष्याने गाळलेलं वाक्य

मी दिंडोरी सोडली ती एका खोट्या वाक्याच्या बळावर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

निघताना आप्पा, म्हणजे माझे वडील, फाटकापर्यंत आले होते. "माल बोटीत चढला की गाव वर येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तर मालाच्या मागोमागच निघालो होतो. रॉटरडॅमच्या आयातदाराकडे नोकरी लागली होती.

ती लागली ती अशी. आयातदाराचा तपासनीस आमच्या बागेत आला होता. द्राक्षाचे घड औषधात बुडवणाऱ्या बायकांना हातमोजे मिळतात का, हे त्याला पाहायचं होतं. आमची रीत अशी, की तपासणीच्या सकाळी मोजे वाटायचे आणि संध्याकाळी गोळा करायचे. सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या हिराबाईंना त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "आजच दिलं. सांजंला काढून घेतील." मी दुभाषा. इंग्रजीत सांगितलं, रोज देतात. माल पास झाला, आणि मीही.

आता इथं सायकलवरून ऑफिसला जातो, कंटेनरचं ट्रॅकिंग बघतो. यंदा युरोपशी व्यापार कराराची चर्चा निघाली, तेव्हा गावच्या बागायतदारांनी पाठिंब्याचं पत्र काढलं. मजूर अंगठे देईनात. धाकट्या भावानं व्हिडिओ कॉल लावला, म्हणाला, दादा, तूच समजाव. मी समजावलं. कर उतरेल, माल जास्त जाईल, काम वाढेल. ते खरं आहे, आजही तेच म्हणेन.

हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तुमचा बंगला झाला, आमी अजून प्लास्टिकखालीच निजतो. तरी अंगठा दिला असता. पण तवा तुमी आमचं खरं त्या गोऱ्याला सांगितलं, त्यानं कायबी केलं नाय. असल्यांशी सोयरीक कशाला वाढवायची?"

बायका हसल्या. रेंज जातेय म्हणत मी फोन ठेवला.

इकडे आलेल्या मित्रांनो, अडाणी लोकांना करार कळत नाही, असं आपण जेवताना बोलतो. त्यांना नीट कळतो. ज्याच्या हाती वाटा पडतो तो अंगठा देतो. आणि वाटा त्यांच्याही हाती पडू शकतो, याची मला खात्री आहे. तो तपासनीस मोज्यांचंच विचारायला आला होता. मधे मी उभा होतो.

घर म्हणजे आता मला बाग आठवत नाही, बंगलाही नाही. माझ्या शब्दावर अजून जिथं कुणी विसंबून आहे, ते घर.

हिराबाईंना, सगळ्या टोळीसमोर, खरं सांगणं हे माझं देणं आहे. अजून सांगितलेलं नाही.